परातीतली उत्तर

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचते, पण खरं सांगू? चुका काढायला. 'दिवा आपोआप विझला' - खिडकी उघडी होती का? 'मांजर घरात शिरेना' - तिला कुणी लाथ घातली होती का? तीस वर्षं डोंबिवलीच्या शाळेत इतिहास-भूगोल शिकवला, तेव्हा शंका काढायची खोड जित्याची झाली आहे. भूत-बित, अंगात येणं, स्वप्नात येऊन सांगणं... यातल्या कशावरही माझा विश्वास नव्हता. आजही आहे असं छातीठोकपणे म्हणणार नाही. जे झालं ते झालं तसं लिहिते. चुका तुम्ही काढा.

मी युद्धांवर लिहिते. नवल वाटतं लोकांना - साडी नेसणारी, आमटीला फोडणी घालणारी बाई आणि तोफा-रणगाडे! याचं मूळ एकाहत्तर सालात आहे. मी तेव्हा सहा-सात वर्षांची. डोंबिवलीच्या आमच्या दोन खोल्यांच्या खिडक्यांना बाबा जाड काळा कागद चिकटवायचे, खळ आई करून द्यायची. संध्याकाळी भोंगा वाजला की दिवे बंद. मग बाबा अंधारात कुजबुजत लढाईच्या गोष्टी सांगायचे, आणि मी त्यांच्या मांडीवर बसून विचारायची, "पण ते सैनिक जेवतात कुठे?" बाबांना ते माहीत नसायचं. निवृत्तीनंतर लिहायला बसले ती बहुधा त्या प्रश्नाचं उत्तर शोधायलाच. सेनापतींवर ढिगाने पुस्तकं आहेत. मला लिहायचं होतं ते डबा कुठून यायचा, पायात काय होतं, थंडीत हात कुठे खुपसायचे यावर... साध्या वाचकाला कळेल अशा मराठीत.

एका दिवाळी अंकात माझा पहिला लेख आला आणि आठवड्याभरात पोस्टकार्ड आलं. 'आदरणीय बाई, लेख आवडला. त्यात अकरा चुका आहेत. भेटल्यास सांगेन.' खाली सही - निवृत्त सुभेदार शंकर जाधव, बाळकुम.

मी आधी चिडले. मग गेले. त्या अकराच्या अकरा खऱ्या निघाल्या.

तिथून आमचे बुधवार सुरू झाले. सहा वर्षं, दर बुधवारी दुपारी चार वाजता. नौपाड्यातून रिक्षा करून मी बाळकुमला जायची. जाधवकाका तिथे राहायला आले तेव्हा खिडकीतून भातखाचरं दिसायची म्हणे, आता समोरच्या टॉवरच्या बाल्कनीत वाळत घातलेले टॉवेल दिसतात. त्यांची सून वैशाली चहा टाकायची. काका लुंगी-बनियनवर, पण दाढी मात्र रोज गुळगुळीत. मी प्रकरण मोठ्याने वाचायची आणि ते डोळे मिटून ऐकायचे. काही खटकलं की एकच शब्द - "गलत, बाई." ओरडणं नाही, टोमणा नाही. गलत. मग परात यायची.

परातीबद्दल नीट सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. फौजेत लढाईआधी जमिनीवर वाळूचा देखावा करतात. इथे टेकडी, इथे नाला, इथे आपण. काका तोच देखावा परातीत करायचे. वाळूऐवजी बारीक रवा. रव्याचा उंचवटा म्हणजे बांध, बाटलीचं बूच म्हणजे विहीर, लवंग म्हणजे झाड, आणि एक चणा म्हणजे दहा जणांची सेक्शन. परात सरकू नये म्हणून खाली ओलं फडकं. पण या सगळ्याच्या आधी, रवा सपाट केला की पहिली ठेवायची ती काडेपेटीतली काडी. तिचं गुल उत्तरेकडे. काडी ठेवल्याशिवाय काका चण्याला हात लावू द्यायचे नाहीत.

मी मात्र त्यांच्याशी भांडायची. "काका, उत्तर वर घ्या ना. नकाशात वर म्हणजे उत्तर!"

"ते तुमच्या शाळेत," काका हसायचे. "आमच्यात दुश्मन वर. जिकडं तोंड करून बसलोय ते वर. उत्तर काय, असंल तिकडं असंल. म्हणून तर काडी."

मग घरी येऊन मी तो देखावा फिरवून, उत्तर वर करून वहीत उतरवायची आणि पुस्तकात नकाशा तसाच जायचा. शंभरदा तरी केलं असेल हे. हे लक्षात ठेवा, कारण मी ठेवलं नाही.

आमचं तिसरं पुस्तक एकाहत्तरच्या पश्चिम सीमेवरच्या एका छोट्या चौकीचं होतं. काका तिथे होते, विशी-बाविशीचे जवान. चौकी एका विहिरीपाशी होती. दुश्मन पश्चिमेला. त्या पहाटे त्यांचे सगळ्यात जवळचे दोस्त, नाईक दत्ताराम सकपाळ आणि त्यांची सेक्शन कामी आली. त्या पहाटेचं प्रकरण काढलं की काका पान लावायला घ्यायचे, आणि चुना बोटावरच राहायचा. "ते शेवटी घेऊ, बाई." दोन वर्षं ते 'शेवटी'च राहिलं. गावाकडे सकपाळांबद्दल कुजबुज होती हे मला ठाऊक होतं. कुणीतरी रजेवर आलेला बोलून गेला होता की दत्ता ठरल्या जागेवर नव्हता, मागे सापडला. मी काकांना कधी थेट विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

गेल्या वर्षी गणपतीच्या आधी काका गेले. दुपारी जेवून पडले ते उठलेच नाहीत. बुधवारच होता. मी रिक्षात बसलेली असतानाच वैशालीचा फोन आला. मी बाळकुमच्या नाक्यावर उतरले आणि तशीच उभी राहिले, हातात प्रकरणाची फाईल. वडील गेले तेव्हा मी मोठी होते, सगळं निभावून नेलं होतं. त्या दिवशी मात्र रस्त्यात रडले. लाज वाटली नाही.

तेराव्यानंतर वैशालीने एक जुनी वही आणून दिली. "बाबांनी सांगून ठेवलेलं, ही बाईंना द्यायची." त्यात त्यांनी लढाईच्या दिवसांतच काढलेली कच्ची चित्रं होती. शेवटच्या पानावर ती चौकी. मध्ये विहिरीचा गोल. विहिरीच्या डाव्या हाताला 'आम्ही'. उजव्या हाताला फुली आणि तिच्याखाली 'दत्ता'. वरच्या अंगाला बांधाची रेघ, कडेला झाड, अगदी खाली बारीक अक्षरात 'लंगर'. बाण नाही, दिशा नाही.

मी काय केलं असेल? जे तीस वर्षं पोरांना शिकवलं तेच. वर म्हणजे उत्तर. म्हणजे उजवीकडे पूर्व. दुश्मन पश्चिमेला, म्हणजे पूर्व ही पिछाडी. सकपाळांना हुकूम होता विहिरीच्या उत्तरेला थांबण्याचा. ते माझ्याकडच्या एका जुन्या टिपणात स्वच्छ होतं. आणि फुली होती पूर्वेला, मागच्या बाजूला. काकांची सेक्शन पुढे, दत्ताची मागे... म्हणजे कुजबुज खरी होती. म्हणून काका ते प्रकरण टाळत होते. दोस्ताला झाकत होते.

फार वाईट वाटलं हो. पण मी कधी 'पेटून उठले, तुटून पडले' असलं लिहिलं नाही. सोपं लिहायचं म्हणजे खोटं लिहायचं असं नाही, हे मीच भाषणांतून सांगत फिरते. मग इथे कसं लपवू? पाचदा खोडून शेवटी लिहिलं - 'सकपाळ यांची सेक्शन हुकमाची जागा सोडून मागे सरकली असावी. त्या अंधारात आणि त्या थंडीत तसं का झालं, याचा न्याय आपण घरात बसून करू नये.' मला वाटलं, किती समजूतदार वाक्य! आता ते वाचलं की अंगावर काटा येतो.

पुस्तक छापायला जायच्या आठवड्यात, सोमवारी, कल्याणहून फोन आला. सुलोचनाबाई सकपाळ. दत्तारामांच्या पत्नी, पंच्याहत्तरीच्या पुढच्या. माझा नंबर त्यांना काकांनीच दिलेला.

"ताई, ह्यांचं येणार ना हो पुस्तकात?"

"येणार," मी म्हटलं.

"पान नंबर सांगाल? मला आता दिसत नाही, नात वाचून दाखवील. पूर्ण नाव घातलंय ना? दत्ताराम भिकाजी?"

पूर्ण नाव घातलं होतं. त्याच वाक्यात. मी हो म्हणून फोन ठेवला आणि मला जेवण गेलं नाही. ती मुलगी आजीसमोर बसून ते मोठ्याने वाचणार...

आता तो बुधवार. प्रकाशकांचा निरोप होता की साडेपाचपर्यंत अंतिम होकार कळवा, नंतर बदल नाही. नौपाड्यातला आमचा दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. हॉलची उत्तरेची भिंत ती स्वयंपाकघराची, पश्चिमेला बाल्कनी, पूर्वेच्या भिंतीला सोफा. सोफ्यावर माझा नवरा श्रीकांत शब्दकोडं सोडवत बसलेला. हा निवृत्त इंजिनियर. माझ्याहून दुप्पट संशयी. घरात तिसरं कुणी नाही. पंखा बंद. चारला पाच मिनिटं कमी.

काय वाटलं कुणास ठाऊक, मी परात काढली. माझ्या आईची पितळी परात. काठावर 'कुसुम' कोरलेलं. एकदा तरी काकांच्या पद्धतीने करून बघावं, मग होकार द्यावा. भिंतीकडे तोंड करून, म्हणजे उत्तरेकडे, जमिनीवर बसले. ओलं फडकं, त्यावर परात, आईचं नाव माझ्या बाजूला. रवा सपाट केला. पलीकडच्या काठाशी काडी, गुल भिंतीकडे. मग वहीतल्यासारखं सगळं - वर बांध, मध्ये बूच, डावीकडे एक चणा, उजवीकडे एक चणा. बघत बसले. उजवीकडचा चणा मागेच होता. काही बदललं नाही.

"झालं समाधान?" श्रीकांतने कोड्यातून मान वर करून परातीकडे बघत विचारलं.

"झालं. प्रिंट आणते, एकदा शेवटचं वाचते."

आतल्या खोलीत गेले, प्रिंटरमधली पानं उचलली, क्रम लावला, चष्मा शोधला. दोन मिनिटं, फार तर तीन. परत आले आणि तशीच उभी राहिले.

परात फिरली होती. पाव फेरा, डावीकडे. आईचं नाव, जे माझ्या बाजूला होतं, ते सोफ्याकडे गेलं होतं. बांध बाल्कनीकडे. रव्याचा कण सांडला नव्हता, बांधाची धार मोडली नव्हती, लवंग उभीच्या उभी. खालचं फडकं जसंच्या तसं, सुरकुतीसुद्धा नाही.

"परात तू फिरवलीस?"

"मी? उठलोय का मी?" त्याने आडवे सात दाखवलं. "तुझी तूच ठेवलीस तशी आहे."

"नाही रे. आईचं नाव बघ."

त्याने पाहिलं. पेन खाली ठेवलं. आणि मग मला दिसलं ते...

परातीतलं सगळं फिरलं होतं. काडी सोडून. काडी होती तिथेच होती, भिंतीच्या बाजूच्या काठाशी, गुल भिंतीकडे. उत्तरेकडे. जणू परात तिच्याखालून फिरून गेली होती. मी ती उचलली. खाली रव्यात तिचा ठसा. आणि आधी ज्या काठाशी मी ती ठेवली होती, जो आता बाल्कनीकडे गेला होता, तिथला रवा सपाट. ओरखडाही नाही.

काडी परत तिच्या ठशावर ठेवून मी खाली बसले. कुठे बसले, तर सोफ्याच्या बाजूला, आईच्या नावापाशी. समोर बाल्कनी. म्हणजे पश्चिम. माझ्या बरोबर समोर बांध, मध्ये विहीर, उजव्या हाताला चणा... आणि त्याच उजव्या हाताला काडी. उत्तर.

दुश्मन वर.

मोठ्याने रडले मी. श्रीकांत घाबरून पाणी घेऊन आला. त्याला काही सांगता येईना. नुसतं चण्याकडे बोट दाखवत म्हणत होते, "उत्तरेलाच आहे रे तो. उत्तरेलाच आहे."

पण परात फिरली म्हणून कुणी इतिहास बदलत नाही. डोळे पुसून वही घेतली. काकांची आधीची आठ चित्रं, ज्या जागा मला दुसरीकडून पक्क्या माहीत होत्या, ती पडताळली. आठही चित्रांत दुश्मन वरच. मग शेवटचं पान. खाली 'लंगर'. लंगर म्हणजे फौजेचं स्वयंपाकघर. ते पिछाडीला असतं, जेवण मागून येतं. सैनिक जेवतात कुठे, असं सहाव्या वर्षी विचारणाऱ्या मला, ते उत्तर पानावर लिहिलेलं असून दिसलं नव्हतं! आणि आदल्या पानावर काकांचीच ओळ - 'सकाळचं ऊन पाठीवर येई, तेवढंच सुख.' सकाळचं ऊन पाठीवर, म्हणजे तोंड पश्चिमेला. वर म्हणजे पश्चिम. उजवीकडे उत्तर. फुली उत्तरेला.

दत्ताराम सकपाळ हुकमाच्या जागेवरून तसूभर हलले नव्हते. काका कुणाला झाकत नव्हते. त्यांना फक्त बोलवत नव्हतं.

पाच वाजून वीस मिनिटांनी मी प्रकाशकांना फोन केला. ते वाक्य काढा, नकाशा बदला, मी आत्ता नवीन पाठवते. ते कुरकुरले. मी शाळेतला आवाज काढला.

श्रीकांतचं म्हणाल तर पुढचे चार दिवस तो परातीपाशी. ओल्या फडक्यावर परात फिरवून बघितली - फडकं गोळा होतं. उचलून फिरवली - बांध ढासळतो. हलक्या हाताने, दोन्ही हातांनी, रवा दमट करून... काडी दर वेळी परातीबरोबर फिरते. मेट्रोच्या खोदकामाचे हादरे, उंदीर, भूकंप, सगळं झालं. "तूच विसरभोळेपणाने फिरवली असशील," हेही झालं. मी त्यावर खरंच विचार केला. आत कुठेतरी मला काकांचं 'दुश्मन वर' आठवत असेल, हात आपोआप... असेल. पण मी खोलीतून बाहेर पडताना श्रीकांतने स्वतः पाहिलं होतं, आईचं नाव भिंतीच्या विरुद्ध बाजूला होतं. शेवटी सगळा रवा डब्यात भरून तो म्हणाला, "मला माहीत नाही." पस्तीस वर्षांच्या संसारात हे वाक्य मी त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. तो रवा मात्र आम्ही खाल्ला नाही.

पुस्तक आल्यावर मी ते घेऊन कल्याणला गेले. पिशवीत परातही घेतली होती. सुलोचनाबाई दाराशीच उभ्या होत्या, इस्त्रीची साडी नेसून. नात कॉलेज बुडवून थांबलेली. तिने पान उघडून स्पष्ट आवाजात वाचलं - पूर्ण नाव, हुकूम, जागा.

मग मी जमिनीवर परात मांडली आणि बाईंना समोर बसवलं. नातीने रवा दिला. मी आधी काडी ठेवली.

"ही कशाला?" नातीने विचारलं.

"उत्तर," मी म्हटलं. मग विहीर, बांध, झाड, दोन चणे. सुलोचनाबाईंचा हात धरून त्यांचं बोट उजवीकडच्या चण्यावर टेकवलं. "हे इथे. हुकूम इथलाच होता. आणि सापडले तेही इथेच."

"मागं नव्हते?"

"नाही."

"मागं म्हणजे कुठलं ते दाखवा मला एकदा."

मी त्यांचं बोट परातीच्या खालच्या काठाकडे नेलं, लंगर होतं तिकडे. त्यांनी ते तिथे क्षणभर ठेवलं आणि परत चण्यावर आणलं. मग नातीच्या खांद्याचा आधार घेत उठल्या, परातीला वळसा घालून माझ्या शेजारी येऊन बसल्या, बांधाकडे तोंड करून.

"ह्यांचं तोंड असं होतं ना?"

"असंच."

"सासूबाई जाईपर्यंत माझ्याशी नीट बोलल्या नाहीत," त्या शांतपणे म्हणाल्या. "जिथं ठेवलं तिथंच होते माझे हे." आणि ते ज्या दिशेला बघत होते त्या दिशेला तोंड करून त्या तशाच बसल्या. निघताना त्यांनी तो चणा मागून घेतला. मी परातीबद्दल त्यांना काही सांगितलं नाही. आज इथे पहिल्यांदा लिहिते आहे.

कुणाला यावर काही सुचलं तर जरूर कळवा, आमच्या घरात एक इंजिनियर अजून वाट बघतो आहे. माझ्यापुरतं म्हणाल तर मी शोधणं सोडलं आहे. हल्ली नवं प्रकरण झालं की बुधवारी चारला परात काढते, रवा सपाट करते, आधी काडी ठेवते आणि प्रकरण मोठ्याने वाचते. मध्ये मध्ये थांबते, कुणी 'गलत, बाई' म्हणतंय का ते ऐकायला. अजून तरी कुणी म्हटलेलं नाही. म्हटलं असतं तर बरं वाटलं असतं.